आधी पाणी, मग मी

मी एक जुनी, हिरवट काचेची बाटली आहे. माझ्या ओठाचा एक टवका उडालेला आहे आणि बुचाऐवजी तोंडात केळीच्या वाळक्या पानाची गुंडाळी कोंबलेली आहे. मित्रांनो, माझा अवतार पाहून हसू नका. दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या वावाऊ बेटावरच्या आमच्या गावात मी जितके चेहरे जवळून पाहिले, तितके दुसऱ्या कोणी पाहिले नसतील.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात, भट्टीच्या आगीत झाला. पोटात आल्याचं सरबत भरून मला बोटीने इकडे धाडलं. ते कोणी प्यायलं, मला आठवत नाही. रिकामी झाल्यावर मी धक्क्याजवळच्या वाळूत लोळत पडले होते. लाट यायची, मला भिजवायची आणि परत जायची. माझ्या अंगावर पाण्याचा थेंबही टिकत नसे. एक दिवस पिसिला नावाच्या मुलीने मला उचललं, वाळू घालून खळखळा धुतलं आणि घरी नेलं. तिच्या आईने माझ्यात तेल भरलं.

ते तेल विकत मिळणारं नव्हतं. ओलं खोबरं किसायचं, त्यात सुवासिक फुलं आणि झाडांच्या साली घालायच्या आणि ते उन्हात ठेवून तेल सुटायची वाट पाहायची. घाई केली की ते खवट होतं. पिसिलाची आई घाई करत नसे. त्या तेलाने मी भरले आणि पहिल्यांदाच एका नुकत्याच न्हालेल्या तान्ह्या बाळाच्या पाठीवर कलंडले. तेव्हा माझे डोळे विस्फारले. काचेवर पाणी टिकत नाही, पण ही त्वचा पाणी पीत होती, साठवत होती, वर पुन्हा मऊ राहत होती! कापलं तर आपलं आपण शिवून घेत होती. माझा उडालेला टवका इतक्या वर्षांत भरला नाही. माणसं आपल्या अंगावर केवढं नवल पांघरून हिंडतात आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

आमच्याकडे मुलगी समारंभात एकटी नाचायला उभी राहिली की तिला नखशिखांत तेल लावतात. ते उन्हात लखलखायला हवं. तेल चमकलं तर मुलगी गुणाची. अंगात जिरून गेलं तर बायका तोंडाला हात लावून म्हणतात, "तेल धरलं नाही!" एवढ्या तीन शब्दांत मुलीच्या चारित्र्याचा निकाल लागतो.

पिसिला मोठी झाली, तेव्हा नव्या चर्चच्या उद्घाटनाला तिला नाचायला उभं केलं. मी ओट्यावर होते. थंडीतलं खारं वारं सुटलं होतं. आईने तिला माझ्यातलं निम्मं तेल लावलं. हात चमकले, दंड चमकले, कपाळावरून तर ओघळ लागले. पण गालांनी ते सगळं पिऊन टाकलं आणि वर पांढरे पापुद्रे उभे राहिले. तिचे हात पाखरासारखे फिरत होते, पण हातांकडे कोण बघतंय? मागून कोणीतरी ते तीन शब्द बोललंच. शेजारच्या बेटावरून तिच्या लग्नाची बोलणी करायला माणसं येणार होती, ती आली नाहीत. पिसिला पुन्हा कधी नाचली नाही. तिने लग्नही केलं नाही. तिचं मन किती निर्मळ होतं, हे मला माहीत होतं. पण बाटलीची साक्ष कोण काढतो?

वर्षं गेली. पिसिलाच्या भावाला मुलं झाली आणि ती आत्या झाली. आमच्या बेटांवर आत्या म्हणजे घरातलं सगळ्यात उंच आसन. ती आधी जेवते, ती बोलली की वाद संपला आणि तिच्या डोक्याला, तोंडाला हात लावायची कोणाची छाती नाही. पिसिला आत्याने मला मात्र सोडलं नाही. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, ऑकलंडच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या सामानाच्या पिंपांतून वासाची क्रीम आली, मी खिडकीत धूळ खात पडले, माझ्यावर कोळ्याने संसार थाटला. तरी कोणी मुलगी नाचणार असली की आत्या मला पुसून घ्यायची आणि तिला तेलाने अक्षरशः न्हाऊ घालायची. ती इतकं का ओतते, हे गावात फक्त मला ठाऊक होतं.

आता या घरातल्या सेइनीची गोष्ट. ती आत्याची भाची. सेइनीच्या भावाला, मोसेसेला, मुलगा झाला. त्याचं नाव सोआने. त्याचा पहिला वाढदिवस म्हणजे सगळ्या गावाला जेवण, भुईत भाजलेली डुकरं आणि रताळी, आणि बाळाच्या आत्याचा नाच. बाळाची आत्या कोण? सेइनी. आणि सेइनीचा चेहरा बघून मला धडकीच भरली. नाक आणि कपाळ तेलकट, गाल कोरडे ठणठणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे. हा चेहरा मी आधी पाहिला होता.

तिची वहिनी, लुपे, थट्टेखोर. ती म्हणाली, "अगं, नाकावर तळण काढता येईल आणि गालांवर खोबरं किसून ठेवलंय. एका तोंडात सगळा स्वयंपाक!"

सेइनी हसली, पण मोरीत जाऊन पिंपातून आलेल्या खरखरीत दाण्यांच्या साबणाने तिने गाल लाल होईपर्यंत घासले. पापुद्रे गेले. दुसऱ्या दिवशी दुपटीने आले.

"काय झालंय गालांना?" आत्याने विचारलं.

"कोरडे पडलेत, आत्या."

"मग तेल कमी पडतंय. आण ती बाटली."

तिने तेल सगळ्या तोंडावर चोळलं. काही दिवसांतच कपाळावर पुरळ उठलं. गाल तसेच राहिले, तेल जिरून जात होतं, तरी कातडी तहानलेलीच होती. सेइनीने पुरळ जायला आणखी घासलं आणि आत्याने कोरडेपणा जायला आणखी ओतलं. एका चेहऱ्यावर दोन देश होते आणि दोघींनी मिळून दोन्हींना एकच कायदा लावला होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्या तोंडात गुंडाळी होती.

वाट दाखवली ती सोआनेने. आत्या त्याला रोज अंगणात आंघोळ घालायची आणि तो ओला, निसरडा, हातपाय झाडत असतानाच त्याला तेल लावायची. एकदा सेइनी टॉवेल घेऊन धावली, तर आत्या खेकसली, "पुसतेस काय! पाणी अंगात राहू दे. तेल त्यावरचं झाकण आहे."

सेइनी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोक्यात काय चाललंय, ते मला दिसलं आणि मी उन्हात उभी असून शहारले.

दुसऱ्या दिवसापासून तिने साबण बंद केला. गाल नुसत्या पावसाच्या पाण्याने हलकेच धुवायचे आणि ओले असतानाच माझ्यातले दोन थेंब त्यावर दाबायचे. पापुद्रा ओढायचा नाही. कपाळाला आणि नाकाला माझा थेंबही लावायचा नाही. आत्याने "तेल लावलंस ना?" असं विचारलं की ती मान हलवायची. आणि मित्रांनो, मी जे पाहिलं त्याचं नवल अजून सरलेलं नाही. कोणी काही न करता, कोणी न घासता, ती कातडी रोज थोडी स्वतःला विणत गेली. आधी लाली उतरली, मग पापुद्रे आपणहून गळाले. पुरळही बसलं. जगातल्या कोणत्या भट्टीला हे जमेल, सांगा बरं!

वाढदिवसाचा दिवस उजाडला. अंगण माणसांनी फुललं. आत चटईवर सेइनी नटून बसली, केसांत पिसं खोवलेली. खारं वारं त्याही दिवशी होतं. आत्याने मला उघडलं आणि तिच्या कपाळावर कलंडणार, तेवढ्यात सेइनी म्हणाली, "आत्या, आधी पाणी."

 लुपे वहिनी दाराशी उभी राहून बघू लागली.

"काय म्हणालीस?"

"सोआनेला तुम्ही ओल्या अंगावर लावता. मलाही तसंच लावा ना. आणि कपाळ सोडा. ते त्याचं त्याचं बघून घेतं."

"मला शिकवतेस?"

"तुमचंच बघून शिकले, आत्या."

आत्याने मला मागे घेतलं.  ती हळू आवाजात म्हणाली, "आणि नाही चमकलं तर? लोक काय बोलतात, तुला नाही ठाऊक. मला ठाऊक आहे."

सेइनी खाली बघत राहिली, पण हलली नाही.  मग आत्या लुपेला म्हणाली, "उभी काय राहिलीस? पाणी आण."

सेइनी नाचायला उतरली, तेव्हा आत्या पुढच्या चटईवर बसली होती. ती नाच बघतच नव्हती. तिची नजर सेइनीच्या गालांवर खिळली होती. ऊन सरळ तोंडावर आलं आणि गाल लखलखले! लोक उठून तिच्या दंडांना कौतुकाच्या नोटा चिकटवू लागले. मागून एक म्हातारी ओरडली, "तेल काय धरलंय गं पोरीनं!" आत्याने डोळे मिटून घेतले.

जेवणं आटोपल्यावर तिने सेइनीला मागच्या पडवीत बोलावलं. मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "माझ्या गालांना लाव."

सेइनी घाबरली. आत्याच्या तोंडाला हात?

"मी सांगतेय ना."

सेइनीने ओल्या बोटांनी ते सुरकुतलेले, खवले पडलेले गाल भिजवले आणि मग माझे दोन थेंब त्यावर दाबले. नाकाशी आल्यावर ती चकित होऊन म्हणाली, "आत्या, तुमचं नाक तर माझ्यासारखंच तेलकट आहे!"

"माझ्यासारखं तुझं आहे," आत्या गुरकावली. मग तिने आपल्या गालावर बोट फिरवलं, बोट उन्हात धरलं आणि बघत राहिली.

"म्हणजे तेव्हा मला नुसतं पाणी हवं होतं," ती म्हणाली.

सेइनीला त्यातलं काही कळलं नाही. तिने फक्त आत्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला सगळं कळलं, पण मी काच आहे, मला रडता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या तोंडावर कुठे पापुद्रे आले तर त्यांच्यावर चिडून ते घासू नका. जिथे कोरडं आहे तिथे पाणी द्या, वर थोडं तेल द्या, आणि जिथे तेल आहे तिथे त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. आणि कधी दुसऱ्या कोणाच्या गालाने तेल धरलं नाही, तर त्याच्या मनाविषयी बोलू नका. त्याला पाणी नेऊन द्या.