कानातली खाडी

वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात नंदिनीचा कान ठणकायला लागला. सहा वर्षांची पोर. "आई, कानात खाडी वाजतेय," असं तापात पुटपुटायची. खिडकीतून खारा वारा यायचा आणि तिच्या उशाशी बसून मलाही भरतीचं पाणी घरात शिरल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनी पावडरची बाटली दिली. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी हलवून द्यायचं, सात दिवस. बाटली हलवली की आत गुलाबी ढग उठायचा. नंदिनी तो बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, खाडी गप्प झाली. उरलेलं औषध मी देव्हाऱ्यामागे ठेवलं. परळच्या चाळीत आम्ही तेच करायचो. एकीच्या पोराचं उरलेलं दुसरीच्या पोराला. चांगलं औषध कोण फेकतं?

बाराव्या दिवशी खाडी परत आली. बाटली काढली तर ढग पिवळट पडलेला. चमचा भरला, पण हात पुढे होईना. तशीच बाटली घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी ती बेसिनमध्ये ओतली आणि नवी लिहून दिली. "पाणी घातल्यावर हे फार दिवस टिकत नाही. आणि बरं वाटलं तरी सगळे दिवस द्यायचं, बाई."

"पण दुखणं पार गेलं होतं," मी हट्टानं म्हणाले.

माझ्या खांद्यावर पेंगणारी नंदिनी डोळे न उघडता म्हणाली, "खाडी कुठे गेली होती, आई? ओहोटी होती."