पंपांचं तोरण

गुरुवारी सकाळी दहा वाजता कोडोलीच्या माळावरच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोंबड्या जाऊन वर्ष झालं होतं, आता तिथं माणसं कोंबली होती. दमेकरी, खोकलेकरी आणि नुसतेच बघे. हलगी कडाडत होती. दारावर तोरण होतं, तेही दम्याच्या पंपांचं! निळे, तपकिरी, केशरी असे चाळीसेक पंप सुतळीत ओवलेले, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. श्वासानंद महाराजांकडं यायचं तर आधी पंप तोरणाला बांधायचा. औषधानं प्राणाची वाट बुजते म्हणे.

महाराज पाटावर बसले होते. पुढं भगव्या रंगाचा, कमरेएवढा उंच 'वायुकलश'. त्याच्या तोंडातून एक काळी नळी पडद्यामागं गेलेली. ती म्हणे सुषुम्ना नाडी.

"लावा हात, भक्तहो! थंडगार लोखंड होतं. मंत्रानं तापलं का नाही?"

लोक हात लावत आणि झटकन मागं घेत. तापलं होतं खरं. मग महाराज त्यावर तांब्यानं पाण्याचा अभिषेक करत. थोड्या वेळानं कलशाचं तोंड किंचित उघडलं की असा गार वारा सुटे, की तोटीवर पांढरं दव धरे. दमेकरी तो वारा नाकानं ओढून घेत.

"केदारनाथचा वारा! अमेरिकेचे शास्त्रज्ञ चारदा येऊन गेले. मी म्हटलं, आधी चपला काढा!"

टाळ्या पडल्या. दर पाच-सहा मिनिटांनी एक चेला पडद्यामागून चांदीची वाटी घेऊन येई. वाटीत दुधासारखं पांढरट पाणी. हे वायुदेवाचं तीर्थ. एकेक पळी प्रत्येकाच्या तळव्यावर.

मागं खांबाला टेकून संघप्रिया उभी होती. घरामागच्या लांब शेडमध्ये ती पोरींना एअर रायफल चालवायला शिकवायची. रायफलीच्या टाक्यांत हवा भरायचं काम दहा वर्षं ती स्वतःच्या हातानं करत होती. देवदर्शनाला ती आली नव्हती, ती आली होती शेजारच्या बायडाबाईंसाठी. तीन आठवडे भिंतीपलीकडून म्हातारीच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. त्यांचा पंप त्यांच्याच पोरानं, अण्णासोनं, भक्तिभावानं या तोरणात ओवला होता.

संघप्रियानं कान टवकारले. हलगीच्या खाली आणखी एक ठेका होता. टकटकटकटक. मग मधेच फुस्स! आणि फुस्स झालं की तीर्थ येई.

तिच्या तळव्यावर पळी पडली. तिनं वास घेतला आणि तळवा सरळ भिंतीला पुसला. हा वास तिच्या शेडमध्ये रोजचाच होता.

परतीच्या वाटेवर तिनं अण्णासोला गाठलं.

"अण्णासो, मावशींना ते पाजू नगंस. ते कॉम्प्रेसरचं घाण पाणी हाय."

"तुमचं पयल्यापासनं देवाशी वाकडंच!"

"देवाचं ऱ्हाऊ दे. मी हवेचं बोलतीया. हवा भरायचं माझं रोजचं काम हाय."

"गणपतराव बी असंच हसायचे. शेवटी म्हाराजांनीच तारलं का न्हाय?"

आता हे तारणं ऐका. गणपतरावांनी पंप तोरणाला बांधला आणि पंधराव्या दिवशी दम कोंडून ते गेले. महाराज म्हणाले, प्राण वाऱ्यात विलीन झाला, असं भाग्य कोटीत एकाचं. लोकांनी हात जोडले. गणपतरावांची बायको बयाबाई धाय मोकलून रडत होती, तर तिलाही सांगितलं की हे आनंदाश्रू आहेत. माणूस मेला तरी बाबा पास आणि जगला तरी बाबाच पास. अशी परीक्षा आमच्या पोरांना कुठल्या शाळेत मिळत नाही.

पुढच्या गुरुवारी संघप्रिया टेम्पोतून उतरली ती कॉम्प्रेसर, टाकी आणि पाण्याचं घमेलं घेऊनच.

"म्हाराज, माझा बी कलश आणलाय. पण हलगी थांबवा. माझा मंत्र लई बारीक हाय."

महाराज तोंड उघडायच्या आत हलगीवाल्यांचे हात थांबले. बिचारे तासभर बडवून दमले होते. सगळं शांत झालं आणि पडद्यामागून आवाज आला, टकटकटकटक. आतल्या चेल्याला बाहेरचं काही कळलं नव्हतं.

"हा कसला आवाज?" कुणीतरी विचारलं.

"हा... हा अनाहत नाद," महाराज म्हणाले.

"व्हय? मग अनाहत नादाला बी जरा बसू दे की," असं म्हणत संघप्रियानं पडद्याखालून आलेल्या वायरची भिंतीवरची पिन उपसली. नाद मेला. त्याच भोकात तिनं आपली पिन खोचली. टकटकटकटक!

"बगा, माझ्याकडं बी हाय. बटणावर चालतोय."

हशा पिकला. अण्णासो तेवढा हसला नाही.

"पोरंबाळं मागं सरका. ही टाकी तपासलेली हाय, तारीख बगा हितं. घमेल्यात पाण्यात का ठेवली? तर हवा दाबली की तापती. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तवा कुटला मंत्र म्हणता? म्हणून गार करायची, हळूहळू भरायची, मधी थांबायचं. ह्यांचा अभिषेक म्हंजे ह्योच. आन टायरचा व्हॉल दाबला की बोटाला गार लागतं का न्हाय? कोंडलेली हवा सुटली की गार पडती. झालं तुमचं केदारनाथ!"

पाच मिनिटं झाली. तिनं ग्लास धरून खालची चावी फिरवली. फुस्स! ग्लासात दुधासारखं पाणी.

आता कुणी हसलं नाही.

"हवेतली वाफ दाबली की पाणी सुटतं. त्यात यंत्राचं तेल मिसळतं, म्हणून पांढरं. पाच-पाच मिनिटांनी काढावं लागतं, न्हायतर टाकी आतनं गंजती. काढते आन डब्यात टाकते. झाडाला बी घालत न्हाय मी." तिनं ग्लास पुढं केला. "म्हाराज, रोज तुमी देता. आज तुमी घ्या."

"आमचा... आज निर्जळी उपास."

बायकांतून बयाबाई उठली. तिनं ग्लास घेतला आणि महाराजांच्या तोंडासमोर धरला.

"माझ्या मालकानं पंधरा दिस पिलं. तू येक घोट पी."

महाराज मागं सरकले. बयाबाईचा हात हलला नाही.

"पी म्हंते की!"

महाराज उठले ते मागच्या दाराकडं, पण तिथं हलगीवाले उभे होते. अण्णासोनं पडदा ओढून काढला. मागं तेलकट कॉम्प्रेसर, आणि हवा ओढणारं त्याचं तोंड बरोबर धुनीशेजारी! गोवऱ्यांचा धूर ओढायचा, दाबायचा आणि दमेकऱ्याच्या नाकात सोडायचा. गाळणी नाही, काही नाही.

संघप्रियानं किल्लीनं कलशाचा भगवा रंग खरवडला आणि तिचा आवाज बदलला.

"भंगारातला जुना ऑक्सिजनचा सिलिंडर हाय ह्यो. शिक्का दीडशे बार दाबाचा, आन यंत्राचा काटा दोनशेवर! मोटारीच्या टायरच्या शंभर पट दाब. तपासून जमाना झाला. आन तुमी ह्याला मिठ्या मारताय? भाईर व्हा सगळी! पळू नका, ढकलू नका, पर भाईर!"

शेड रिकामी झाली. तिनं बाजूला उभं राहून, तोंड वळवून, चावी केसभर फिरवली. वारा सुटला. पाऊण तास ती एकटीच तिथं उभी होती. हा दाब घाईनं सोडायचा नसतो.

इकडं बाहेर दाराजवळ, अण्णासोबरोबर आलेल्या बायडाबाई खाली बसल्या होत्या. ओठ काळेनिळे. बोलता येईना, म्हणून तोरणाकडं बोट केलं. अण्णासोनं उडी मारून सुतळी ओढली, दातांनी गाठ तोडली, पंपाचं तोंड सदऱ्याला पुसलं.

"आई, वड. आई, वड गं!"

एकदा, दोनदा, चारदा. हळूहळू खांदे उतरले. शिट्टी बारीक झाली.

"तुझ्या म्हाराजापरास," म्हातारी धापा टाकत म्हणाली, "ह्योच बरा की रं." त्याच टेम्पोतून त्यांना दवाखान्यात नेलं. महाराजांसाठी पोलिसांची गाडी आली. जादूटोणाविरोधी कायदा कागदावर आहे, त्याला तक्रार करणारं माणूस लागतं. इथं दोन बायकांनी केली.

आता कुणी म्हणेल, श्रद्धा दुखावली. दुखू द्या! श्रद्धा दुखली तर माणूस मरत नाही, दम कोंडला तर मरतो. ज्याला वाकायचं त्यानं खुशाल वाकावं. पण कुणी तुमचं औषध काढून घेऊन कपाळाला अंगारा लावत असेल, तर आधी उठा आणि पडदा ओढा. त्याला शिक्षण लागत नाही. सायकलीत हवा भरणाऱ्या प्रत्येकाला हे कोडं सुटणारं होतं. विचारलंच नाही कुणी.

संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं आपापला पंप चिठ्ठी वाचून सोडवून नेला. सुतळीवर एकच राहिला, गणपतरावांच्या नावाचा. बयाबाईनं तो सोडवला, पदरानं पुसला आणि कानाशी धरून हलवून बघितला.

आत औषध खळखळलं.