जास्तीचा 'र'

मित्रांनो, मी पहिल्या मजल्यावरची एक जुनी लाकडी खिडकी आहे. सुताराने मला चौकटीपेक्षा बोटभर मोठी केली आणि मग "चौकटच आखडली" असे म्हणत तासून तासून बसवली. उमेदीच्या काळात माझे फार कौतुक झाले. "काय हवा येते हो तुमच्याकडे!" असे पाहुणे म्हणत आणि चहा संपला तरी उठत नसत. पुढे समोरचा रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. माझ्या काचांवर काळा थर बसू लागला. घरातली सून तो पुसायची आणि फडक्याकडे बघून माझ्यावरच चिडायची. जणू तो थर मीच बसून बनवत होते!

घरातले आजोबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. ते निवृत्त झाले, पण चुका काही झाल्या नाहीत. म्हणून ते रोज लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र तपासत.

त्या थंडीत नातीला खोकला लागला. एका सकाळी सुनेने बातमी वाचून दाखवली, "शहरावर दाट धुरकं. लहान मुलांना जपा."

"धुकं," आजोबा म्हणाले. "र जास्तीचा पडलाय. हल्ली कुणी तपासतच नाही." आणि त्यांनी र वर काट मारली.

"पण बाबा, धुक्यात मुलांना कशाला जपायचं?"

"काहीतरी छापतात झालं. तिला सकाळची ताजी हवा मिळू दे. खोकला पळेल."

त्यांनी मला सताड उघडले. बाहेर सगळे पांढरे झाले होते. "थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखं वाटतंय!" आजोबा खूश झाले. तेवढ्यात नातीचे बाबा अगदी माझ्या खालीच स्कूटर सुरू करून, ती गरम करत उभे राहिले. हे रोजचेच होते. मी काय करणार? उघडल्यावर कोणाला आत घ्यायचे, हे खिडकीच्या हातात नसते.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी नात माझे गज धरून उभी राहिली आणि तिला श्वासच घेता येईना. छातीतून शिट्टी वाजू लागली, ओठ निळसर झाले. सून तिला उचलून दवाखान्यात धावली.

दुपारी त्या दोघी परत आल्या. नात औषधाने झोपली.

"डॉक्टर म्हणाल्या, थंडीत वारा पडलेला असतो. गाड्यांचा धूर वर जात नाही, धुक्यात मिसळून खालीच राहतो. ऊन चढून हवा स्वच्छ दिसेपर्यंत खिडकी लावून ठेवा." सुनेने नातीचे पांघरूण सारखे केले. "बाबा, तो र धुराचा होता."

आजोबांनी बाहेर पाहिले; अजून पांढरटच होते. त्यांनी मला स्वतः लावून घेतले.

दुसऱ्या सकाळी खाली स्कूटर सुरू झाली. आजोबांनी माझी एक झडप किलकिली केली.

"अरे, बंद कर ते!"

"गरम होतीये, बाबा!"

"ढकलत ने फाटकापर्यंत. तूही गरम होशील!"

आत नात खुदकन हसली आणि हसतच राहिली. सून कान देऊन उभी होती. हसणे संपले, मागून खोकला आला नाही. मगच ती स्वयंपाकघरात गेली.

मित्रांनो, मला जरूर पुसा, माझ्या कड्या नीट लावा. पण मी बंद झाले म्हणून धूर घरी परत जात नाही. तो शेजारच्या खिडकीशी जातो. तिच्या आतही कोणाची तरी नात असते.