चांद्यानं घेतलेलं दुखणं

गुणाबाईनं गरम मिठाची पुरचुंडी आधी आपल्या मनगटावर टेकवून पाहिली आणि मग चांद्याच्या मागच्या खुब्यावर अलगद दाबली. कुत्र्यानं दात दाखवले, पण चावला नाही. मान वळवून त्यानं तिचं मनगट चाटलं.

"सोस रे बाबा. आनखी दोन डाव, मंग सोडते."

खाडीकाठच्या त्या घरात मिठाला तोटा नव्हता. मिठागरावरच तिच्या नवऱ्याचा, तुळशीरामचा, जन्म गेला होता. दोन वर्षांमागे त्याचे गुडघे असे धरले की खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत. तेव्हा तिनं दत्ताला बोलून ठेवलं होतं : ह्यांचे पाय सुटू देत, रोज कुत्र्याला गुळतुपाची पोळी घालीन, मगच माझ्या तोंडात घास घेईन. घरातल्यांनी तांदळाची भाकर खाल्ली. पनवेलच्या बाजारातून गहू आला तो चांद्यासाठी.

वर्षभरात तुळशीराम चालू लागला, आणि चांद्या बसू लागला. आधी ओट्यावर चढताना अडखळायचा, मग उठतानाही कण्हायला लागला. शेजारची भामा गालावर हात ठेवून म्हणाली होती, "बग गो, मुक्या जिवानं धन्याचं दुखनं आपल्या अंगावर घेतलं!" ते साऱ्या आळीला पटलं. गुणाबाईनं तर चांद्याच्या पायांवर डोकं टेकलं होतं.

ढोरांच्या डॉक्टरला मात्र ते पटलं नाही. दीड महिन्यामागे, बाजाराच्या दिवशी, ती चांद्याला बैलगाडीत घालून पनवेलच्या दवाखान्यात घेऊन गेली होती.

"घेणंबिणं काही नाही, बाई. वय झालंय, सांधे झिजलेत. त्यात हे वजन! खायला काय घालता?"

तिनं सांगितलं. डॉक्टरनं हातातला टाक खाली ठेवला.

"रोज? दोन वर्षं? पुण्य तुम्ही जोडलंत, आणि ओझं ह्याच्या पायांनी वाहिलं."

पोळी बंद. अर्धी भाकरी, थोडी उकडलेली मासळी. दोन वेळा शेक, दोन वेळा हळूहळू चालवणं. घरी येऊन तिनं देवापाशी माफी मागितली. म्हणाली, पोळीच्या जागी माझा शेक मानून घे. तुळशीरामला मात्र काही बोलली नाही.

आज शेक झाल्यावर चांद्या आपला आपण उठला. चारी पाय टेकून अंगणाच्या टोकापर्यंत गेला. नेमका त्याच वेळी खांद्यावर फावडं घेऊन तुळशीराम बांधावरून झपझप येत होता. कुत्र्याला पाहून तो जागीच थांबला.

"ह्याला काय केलंस?"

"शेकते मी. डॉक्टर बोलला, पोली बंद कर."

"कवापासून?"

"दीड म्हैना झाला."

तुळशीरामनं फावडं खाली ठेवलं. त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"तरीच सकालपासून चमक मारते!"

"अवो, आता तर भराभरा आलात."

"मना शिकवू नको. ह्याचं दुखनं सुटलं तर जाईल कुटं? खाडीत? ज्याचं हाय त्यालाच धरनार ना!"

"मुका जीव हाय. त्याला लई दुखतं वो."

"मंग मना दुखू दे?"

तीस वर्षांत तिनं त्याचा शब्द मोडला नव्हता. ती मिठाची पुरचुंडी उचलायला वाकली.

"आजच्या आज पोली घाल. तूप सैल हातानं," म्हणत तुळशीराम लंगडत ओट्याकडे गेला आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून कण्हू लागला.

गुरुवार होता. दिवेलागणीपर्यंत ती पाण्याचा थेंबही घेत नसे. तिनं कणीक मळली, गूळ किसला, पोळी भाजली, तूप सोडलं. पोळी घेऊन ती घरामागे आली तेव्हा ऊन अजून खाडीच्या पाण्यावर होतं.

चांद्या शेपूट हलवत जवळ आला. तिच्या हातून आलेलं त्यानं कधी नाकारलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं.

गुणाबाईनं हात मागे घेतला. घराकडे पाठ केली, आणि उभ्याउभ्याच, तुकडा मोडून मोडून, ती सगळी पोळी तिनं स्वतः खाल्ली. चांद्या तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"घातलीस?" ओट्यावरून आवाज आला.

"घातली."

"सगली?"

"सगली."

ती पुढच्या दारी आली तेव्हा तुळशीराम उभा होता. पाय दुमडून, सरळ करून बघत होता. तोंडावर हसू होतं.

"बग! त्याच्या पोटात घास गेला नाय तोच ठनका उतरला. हाय की नाय देव? हात जोड, हात जोड त्याला."

उंबऱ्याशी गुणाबाई तशीच उभी राहिली. बोटांवरचं तूप अजून वाळलं नव्हतं.

"माजे हात खरकटे हायत," ती म्हणाली.