गळणारं डबकं

मी प्लंबर. चाळीस वर्षं लोकांच्या गळत्या बंद केल्या, त्यामुळे कुठे पाणी मुरताना दिसलं की माझा जीव खालीवर होतो. माझ्या वर्कशॉपमागे एक डबकं आहे. पावसात गुडघाभर भरतं आणि तीन-चार महिन्यांत कोरडं ठणठणीत होतं. माझी थोरली मुलगी नऊ वर्षं त्यातले बेडूक आणि नखाएवढे कोळंबीसारखे जीव मोजून वहीत नोंदते आहे. चांगल्या शिकलेल्या मुलीने आठवड्यातून दोनदा चिखलात का उतरावं, हे मला कधी कळलं नाही. पण तिचं डबकं आटलं की मलाच चुटपुट लागायची.

म्हणून ती दोन महिने परगावी गेली तेव्हा म्हटलं, पोरीला चकित करू. डबकं कोरडंच होतं. मशीन लावून ते पुरुषभर खोल केलं, तळाला जाड प्लास्टिक अंथरलं, पाइपने भरलं आणि डास नकोत म्हणून शंभरेक मासे सोडले. बायको म्हणाली, "तिला एकदा विचारा तरी."

"पाण्याला नको कोण म्हणतं?" मी म्हटलं.

पोरगी आली ती खांद्यावरच्या बॅगेसकट काठावर उभी राहिली. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"बाबा, हे आटणार कधी?"

"आटेल कसं? काम कोणी केलंय!"

तिने बॅग खाली ठेवली आणि पाण्यातल्या माशांकडे बघत राहिली. रडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं. मग हळूच म्हणाली, "हे आटतं म्हणून इथे मासे टिकत नाहीत. मासे नसतात म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात. आणि ते छोटे जीव चिखलात अंडी घालून मरतात. अंडी सुकून पडून राहतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. तो चिखलच तुम्ही काढून टाकलात."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तिची नऊ वर्षं मी एका दिवसात उकरून काढली होती. मला स्वतःची लाज वाटली.

"काढला, पण टाकला नाही," मी म्हणालो.

मी जन्मात काही टाकलेलं नाही. वाकडे नळ, झिजलेले वॉशर, सगळं शेडमध्ये आहे आणि त्यावरून मायलेकी माझी यथेच्छ टर उडवतात. वरचा चिखलही चाळीस गोण्यांत भरून ठेवला होता, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

तिने त्यातली मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्यात टाकून ओट्यावर ठेवली. बायको दर तासाला डोकावायची, मी दर दहा मिनिटांनी. तिसऱ्या सकाळी बरणीत टिंबाएवढं काहीतरी वळवळत होतं. लेक पहिल्यांदा हसली.

मासे ओळखीच्या मासेवाल्याला दिले. माझ्याच हाताने प्लास्टिक फाडलं, खड्डा पहिल्यासारखा गुडघाभर ठेवून बुजवला, वर गोण्या रिकाम्या केल्या. पुढच्या पावसात डबकं गुडघाभर भरलं. तिने मधोमध खुणांची काठी रोवली आणि पुन्हा परगावी जाताना रोज पाणी किती उतरलं ते बघायचं काम मला दिलं. पाऊस थांबल्यावर आठवडाभर पाणी जागचं हललं नाही. खाली कुठे प्लास्टिक राहिलं की काय, या धास्तीने मी दिवसातून चारदा काठी बघून यायचो. नवव्या दिवशी मी तिला फोन केला.

"गळतंय," मी म्हटलं.

"किती?"

"दोन बोटं."

"माझी वही टेबलावर आहे, बाबा. तुम्हीच लिहा."