जावईबापूंची जावा

जावईबापूंनी नऊ वर्षांत प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती. ते टीम लीड होते. म्हणजे इतरांच्या ओळी वेळेत का लिहून होत नाहीत, हे विचारायचा त्यांना पगार मिळे. सगळं सुरळीत चाललेलं असताना कंपनीनं फर्मान काढलं : हुद्द्याआधी 'वरिष्ठ' हवं असेल, तर तीन महिन्यांत जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेची सर्टिफिकेट परीक्षा पास व्हा.

"हात्तिच्या!" म्हणत जावईबापूंनी एका मित्राकडून तीनशे प्रश्नांची उत्तरांसकट फाईल मिळवली. पण एकट्यानं घोकायला बसलं, की नजर आधी उत्तरावरच जाई. प्रश्न विचारायला कुणीतरी हवं होतं. बायको दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते, घरी येऊन तुझं उघडत बसू?"

राहिल्या सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि बसून बसून कंटाळल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती.

"जावा?" चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "मला दोन होत्या. एकीशीही पटलं नाही. बघू ही कशी निघते."

रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी अभ्यास सुरू झाला.

"प्रश्न चौदा."

"डी!"

"पंधरा."

"ए!"

"अहो, प्रश्न तरी ऐका."

"त्यात वेळ जातो, आई. अक्षर पाठ आहे ना, झालं."

एक्केचाळीसाव्या प्रश्नाला सासूबाई अडल्या. "उत्तर चुकलंय. हे म्हणतात, 'दहा' छापून येईल. काही येणार नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम कुठाय?"

"आई, हे काय मराठीचं व्याकरण आहे?"

"बाकी सगळ्या ओळींना आहे, हिलाच नाही. आणि खाली डी लिहिलाय, 'कंपाइल होणार नाही', म्हणजे चालणारच नाही. तो काय शोभेला ठेवलाय?"

"फाईलमध्ये सी आहे ना? मग सी!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "इथे सातव्या ओळीत 'टोटल' म्हणून कुणीतरी येऊन बसलंय. याची ओळख कुठे करून दिलीय? वर कुठेच नाही."

महिनाभरात फाईलच्या समासात लाल शाईच्या तेवीस दुरुस्त्या झाल्या. सासूबाईंनी लेकीकडून जावाचं जाडजूड पुस्तक मागवून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. जावईबापू मित्राला फोनवर सांगत, "सासूबाई जावाचं शुद्धलेखन तपासतायत!" आणि पोट धरून हसत.

परीक्षेला दीड तास होता. जावईबापू बावीस मिनिटांत उठले. केंद्रावरच्या बाईंना 'पेपर सोपा होता' असं सांगूनही झालं, आणि मग पडद्यावर निकाल आला : शंभरात एकोणतीस.

"प्रश्न ओळखीचे नव्हते का?" सासूबाईंनी घरी विचारलं.

"सगळे ओळखीचे होते."

"मग?"

"उत्तरं जागेवर नव्हती."

बायकोला ठसका लागला.

ऑफिसात मात्र अब्रू वाचली, कारण 'वरिष्ठ' व्हायला निघालेल्या पंधराजणांपैकी तेराजण आपटले होते आणि उरलेले दोघे आजारी पडून गेलेच नव्हते. कंपनीनं निष्कर्ष काढला, की अनुभवी माणसांना ही परीक्षा मोजू शकत नाही. त्यापेक्षा अनुभवी माणसांनीच कनिष्ठांची परीक्षा घ्यावी. समिती नेमली गेली. अध्यक्ष जावईबापू!

"आई, बघा, हा प्रश्न मी स्वतः काढलाय," म्हणत ते छापील कागद घेऊन आले.

सासूबाईंनी वाचला. "कंस उघडलाय, मिटलेला नाही. हा प्रोग्राम चालणारच नाही."

"मुद्दा तर्काचा आहे, कंसाचा नाही."

"मग बरोबर उत्तर डी धरा, 'कंपाइल होणार नाही'."

"बी ठरलंय. छापूनही झालंय."

सासूबाईंनी कागद परत दिला. 'छापून झालंय' हे ऐकण्यातच त्यांची हयात गेली होती.

परीक्षा झाली. त्या रात्री जेवताना जावईबापू रंगात आले होते. "चाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी बरोब्बर बी लिहिलं! एकच शहाणी निघाली. तिनं डी लिहिलं, शिवाय शेजारी टीप : 'कंस मिटलेला नाही.' दिला भोपळा. फार शिंगं फुटलीत."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "नवीन आहे का ती?"

"सहा महिने झाले असतील."

"तिला रविवारी घरी बोलवा."

"माझ्या घरी? कशाला?"

"माझ्याकडे येईल ती. तुम्ही नसलात तरी चालेल."

"नंबर दे," बायको म्हणाली. "मी करते फोन."

रविवारी मुलगी बिचकत बिचकत आली. माफी मागायला बोलावलंय, अशी तिची समजूत होती. सासूबाईंनी तिच्यापुढे ते जाडजूड पुस्तक सरकवलं आणि विचारलं, "या दोनशे बाराव्या पानावर मला शंका आहे. हे असं चालेल?"

मुलीनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि ती पहिल्यांदा हसली. "नाही चालणार, आजी. पण का, ते गंमतशीर आहे."

मग दोघी चार तास बसल्या. जावईबापूंनी दोनदा चहा नेऊन ठेवला. कुणी मान वर करून पाहिलं नाही.