गाळाखालचं धान

आमच्या तलावाचं तुडूम मी उघडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटात बसवलेलं पाणी सोडायचं दार. दसऱ्याच्या सुमारास धान गर्भात येतं आणि पाणी मागतं. तेव्हा गाव पाळीवर जमतो, नारळ फुटतो आणि आमच्या घरचं माणूस तुडुमाला पहिला हात लावतं. माझे मालक ताराचंद गेले, तेव्हा काही शहाणे कुजबुजले की आता बाईमाणूस कसं उघडेल. मी पदर खोचला आणि उघडलं. तेव्हापासून कोणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

हा मान आम्हाला फुकट मिळालेला नाही. आम्ही कोहळी, तलाव बांधणारे लोक. सासरे सांगायचे, जिथे पाणी साठवायचं ठरलं तिथे आमच्याच वाडवडिलांच्या धानाच्या बांध्या होत्या, चांगल्या पिकत्या. गावाची शेती भिजावी म्हणून त्यांनी आपली बुडवली. हे ऐकल्यावर कोणाची मान ताठ होणार नाही? माझी तर लग्न होऊन या घरात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ताठ आहे.

या गोष्टीतलं दुसरं घर उदारामचं. केशोरीच्या रस्त्यावर किराणा दुकान, तलावाखाली शेती. आपलीही जमीन तलावात गेली, उत्तरेच्या कोपऱ्यात, असं त्याचा बाप म्हणायचा. आमच्याकडे त्यावर हसू व्हायचं. तिथे कुठलं वावर, तिथे बांबूचं रान होतं, असं आमचे लोक सांगायचे. त्या घराला गावानं नाव पाडलं होतं, 'आयतं पाणी'. म्हातारा बैठकीत बोलायला उठला की मागून कोणीतरी म्हणायचं, "आयतं पानी बोलून राहिलं, ऐका." म्हातारा बसून जायचा. हसणाऱ्यांत आमच्या घरचे पुढे असायचे.

मागच्या वर्षी ग्रामसभेत उदारामचा मुलगा भुपेंद्र उठला. बापासारखा बसणाऱ्यांतला तो नाही.

"दरवर्षी एकाच घराले मान काऊन?" तो म्हणाला. "जमीन देल्ल्याचा काही पुरावा हाये का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पुरावा मिळेल, आणि नाही मिळाला तर तुडुमाला पुन्हा हात लावणार नाही. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा कळलं, आपण काय बोलून बसलो. पुरावा आणायचा कुठून?

तो माझ्या लेकीच्या अभ्यासात निघाला. रेणू नागपूरला माती आणि खनिजं शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिनं विचारलं, "माय, धानाच्या पातीनं हात काऊन कापते?"

"धार असते म्हणून."

"धार कायची असते पन?"

मग तिनंच सांगितलं. जमिनीतल्या पाण्यात वाळूचा अंश विरघळलेला असतो. धान तो पाण्याबरोबर पितं आणि पातीत, तुसात साठवतं. तिथे त्याचे बारीक कण होतात, काचेसारखे कडक, आणि त्यांच्या आत थोडं पाणी कायमचं कोंडलेलं राहतं. त्याचं नाव ओपल. अंगठीत बसवतात ते रंग खेळवणारं ओपल दुर्मिळ, जमिनीत क्वचित कुठे सापडणारं. धानातलं साधं, बिनरंगाचं, पण द्रव्य तेच. तुसाच्या राखेनं घासलेली भांडी लख्ख होतात, तीही त्याच्यामुळेच. मी जन्मभर भांडी घासली आणि मला पत्ता नाही.

"धानाची वाळली तनीस सडते, माय. हे सडत नाई, जळत नाई," रेणू म्हणाली. "शेकडो वर्षं मातीत तसंच राहते. अन् धानाचं वेगळं ओळखू येते, बांबूचं वेगळं."

मी ताडकन उठले. म्हटलं, तलाव आटू दे, तू ये.

मे महिन्यात तलावाचा तळ उघडा पडला आणि रेणू लांब नळी घेऊन आली. वरचा गाळ तलाव झाल्यानंतरचा. तिला त्याच्या खालची जुनी माती हवी होती. आमची जागा मी दाखवली. दुसरी जागा तिनं काठाजवळ निवडली, ताडून पाहायला. काम संपत आलं तेव्हा पाळीवर भुपेंद्र मोटारसायकल लावून हाताची घडी घालून उभा दिसला. मला राहवेना.

"रेणू, उत्तरेच्या कोपऱ्यातही घाल नळी. होऊन जाऊ दे दूध का दूध, पानी का पानी."

"आपल्याले गरज नाई त्याची. नसती जिद्द कायले?"

"घाल म्हटलं ना."

तिनं घातली.

सप्टेंबरात ती फोटो घेऊन आली. आमच्या मातीत धानाच्या पातीचे कण होते, उघडलेल्या हातपंख्यासारखे. किती नीटस होते म्हणून सांगू. आमच्या बांधीतल्या चिखलात कोणी आजी, पणजी वाकून रोवणी करत असेल, त्या धानाचं पाणी अजून त्या कणांत कोंडलेलं आहे, या विचारानं माझे डोळे भरून आले. ताराचंद हवे होते, असं फार वाटलं.

"आता उत्तरेचा दाखव," मी डोळे पुसत म्हटलं. "बांबूच ना?"

तिनं फोटो पुढे केला. पंखेच होते. आमच्यापेक्षा जास्तच.

"बांबू काठाच्या मातीत हाये, माय. इथं धान होतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रेणू म्हणाली, आपला पुरावा तर मिळाला, तेवढा दाखव. बाकीचं मी माझ्या प्रबंधात लिहीन तेव्हा कळेलच लोकांना. म्हणजे यंदा तुडूम माझंच होतं. मी गप्प बसले असते तर कोणी विचारायलाही आलं नसतं. पण माझी मान इतकी वर्षं ताठ होती ती गोष्ट खरी होती म्हणून. अर्धी गोष्ट दाबून ती ताठ राहिली नसती. आणि लपवाछपवी करायला मी काही चोराघरची नाही.

तुडूम उघडायच्या दिवशी पाळीवर गाव जमला. भुपेंद्र पुढेच होता, पुरावा ऐकायला. मी आधी आमचं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग मी म्हटलं, "अजून सांगायचं हाये. उत्तरेचा कोपराही वावरच होता. उदाराम भाऊच्या घरानंही पिकती जमीन देल्ली. आमच्यापेक्षा कमी नाई."

रेणूनं उत्तरेचा फोटो उघडून फोन उदारामच्या हातात दिला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला.

"हे आमचं धान?"

"तुमचं."

त्याची बायको सुशिलाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. "सासऱ्याले मरेपर्यंत आयतं पानी म्हनलं या गावानं," ती म्हणाली. कोणी तिच्याकडे वर मान करून पाहिलं नाही. भुपेंद्रनंही नाही, तो आपल्या बापाकडे पाहत होता.

मी तुडुमापासून बाजूला झाले. "भाऊ, लावा हात."

"वयनी, मान तुमचा हाये."

"दोन घरांचा हाये. आमचा हात लावून झाला. यंदा तुमच्या बापाच्या नावानं उघडा."

उदाराम पुढे आला. दोन्ही हात तुडुमाच्या लोखंडी चाकावर ठेवून तो क्षणभर तसाच उभा राहिला. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, उठा. बोला आता. कोनी बसवत नाई."

मग त्यानं चाक फिरवलं.